‘तांत्रिक बिघाड’ एवढं लिहून थांबू नका, काय बदललं होतं ते विचारा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात महिन्यातून एकदा तरी ही बातमी असतेच, ‘तांत्रिक बिघाडामुळे सेवा विस्कळीत’. कधी परीक्षेचा फॉर्म सबमिट होत नाही, कधी बिलाचे पैसे दोनदा कापले जातात, कधी दवाखान्यात टोकनच निघत नाही आणि म्हातारी माणसं दोन-दोन तास ताटकळतात, आणि खाली एका ओळीचा खुलासा असतो की तांत्रिक बिघाड झाला होता, आता सगळं पूर्ववत झालंय. मी २१ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतेय, घणसोलीला राहते, महापे एमआयडीसीत नोकरी आहे, आणि ही ओळ वाचली की मला दिवसभर चुटपुट लागून राहते.

कारण पावसात झाड पडलं किंवा कळव्याजवळ ओव्हरहेड वायर तुटली तर तो बिघाड, समजू शकतो. सॉफ्टवेअर गंजत नाही, झिजत नाही, त्यात पाणी शिरत नाही. कधी सर्व्हरची डिस्क भरते, कधी वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपते, कधी एकदम गर्दी होते, हे होतं, नाही असं नाही. पण काल नीट चालणारं सॉफ्टवेअर आज चुकीचं उत्तर द्यायला लागलं तर बहुतेक वेळा अर्थ एकच असतो की मधल्या वेळात कुणीतरी काहीतरी बदललंय. आणि मग प्रश्न असा की काय बदललं, कधी बदललं, कशासाठी बदललं, बदलण्याआधी कुणी तपासलं होतं का, आणि चुकलं म्हटल्यावर लगेच मागे का नेता आलं नाही. हे पाच प्रश्न कुणी विचारतच नाही म्हणून मी हे पत्र लिहितेय.

माझ्याच ऑफिसातली गोष्ट सांगते, तीन वर्षांपूर्वीची. कंपनी छोटी, तेव्हा आम्ही ११ जण, आणि मुख्य काम म्हणजे हाउसिंग सोसायट्यांचं बिलिंग. मेंटेनन्सचं बिल, पावती, थकबाकी, व्याज. ऐरोलीपासून नेरुळपर्यंत आणि तिकडे ठाण्यात घोडबंदर रोडच्या मिळून ४३ सोसायट्या आमचं सॉफ्टवेअर वापरायच्या. श्रावणातल्या एका सकाळी कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतले काका थेट ऑफिसात आले, वय सत्तरीच्या पुढे, भिजलेली छत्री दाराबाहेर उघडी करून ठेवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आत पेन्सिलने आखलेले रकाने, प्रत्येक महिन्याची एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने गोल केलेला एक आकडा. म्हणाले, “अहो मॅडम, मी ३४ वर्षं बँकेत व्याज काढलंय. तुमच्या कॉम्प्युटरचं व्याज चुकतंय.”

मला खरंच वाटलं की काकांचीच काहीतरी गडबड झाली असेल. मग त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. पार्किंगच्या वादातली जुनी १२,००० रुपयांची थकबाकी होती, बाकीचं मेंटेनन्स ते दर महिन्याला वेळेवर भरत होते. सोसायटीच्या ठरावाप्रमाणे वर्षाला २१ टक्के सरळ व्याज, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, म्हणजे दर महिन्याला २१० रुपये. तीन महिन्यांचे ६३०. आमच्या बिलात होते ६४१ रुपये ९ पैसे. पहिल्या महिन्यात २१० बरोबर, दुसऱ्या महिन्यात २१३.६८, तिसऱ्यात २१७.४१. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावत होतं, जे सोसायटीच्या नियमात बसतच नाही. फरक ११ रुपये ९ पैशांचा. काका म्हणाले, “अकरा रुपयांसाठी आलो नाही हो मी, पण ज्याची थकबाकी दोन लाख आहे त्याचं काय होत असेल ते बघा.”

आता पुढे आम्ही जे केलं ते मी कुठलीही लपवाछपवी न करता लिहितेय, कारण असंच शेकडो ठिकाणी रोज होतं. टीममधल्या एका मुलाने, हुशार मुलगा, मनापासून काम करणारा, काकांचं बोलणं ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत सरळ लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे जिथून खरी बिलं निघतात तिथे, जाऊन व्याजाच्या ओळी बदलल्या. दहा मिनिटांत काकांचा आकडा बरोबर यायला लागला, सगळ्यांना हायसं वाटलं. चार वाजता घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन, की ज्या लोकांनी वर्षाचे पैसे आधीच भरलेत त्यांच्या बिलात व्याज मायनसमध्ये आलंय, आणि १८० बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊनही बसलीत. मग त्या मुलाने बदल मागे घेतला, पण कसा घेतला तर आठवून आठवून, कारण जुन्या ओळी त्याने पुसून टाकल्या होत्या. दोन ओळी नीट आठवल्या, तिसरी आठवली नाही. रात्री साडेनऊला आम्ही चौघं एका स्क्रीनभोवती उभे होतो आणि आमच्या ऑफिसच्या सरांनी एक साधा प्रश्न विचारला, की आत्ता या क्षणी सर्व्हरवर नेमका कुठला कोड चालतोय? कुणालाच सांगता येईना. सर्व्हरवर एकाला एक लागून फोल्डर होते, ‘बिलिंग फायनल’, ‘बिलिंग फायनल नवीन’, ‘बिलिंग फायनल गणपतीनंतर’. त्यातला खरा कुठला हे जो मुलगा सांगू शकला असता तो सहा महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

त्या रात्री घरी जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसून मला सारखं अमेरिकेतलं नाइट कॅपिटलचं प्रकरण आठवत होतं. ती शेअर बाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन कोड लाइव्ह केला, आठ सर्व्हर होते, सातवर नवीन कोड गेला आणि आठव्यावर टाकायचा राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नवीन कोडसाठी त्यांनी जो फ्लॅग, म्हणजे कोड चालू-बंद करायची खूण, वापरला त्यानेच तो जुना कोड जागा झाला. बाजार उघडला आणि धडाधड चुकीच्या ऑर्डरी जायला लागल्या. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं, की घाबरून त्यांनी काय केलं तर ज्या सात सर्व्हरवर नवीन कोड बरोबर होता तिथून तो काढून टाकला, म्हणजे आता आठच्या आठ सर्व्हर जुना कोड चालवायला लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान. बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच सिस्टिमने ९७ ईमेल पाठवून त्या जुन्या कोडचं नाव घेतलं होतं, ते कुणी गांभीर्याने घेतले नाहीत. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात हे सगळं लिहिलेलं आहे, त्यांना एक कोटी २० लाख डॉलरचा दंडही झाला. आमचा मामला अकरा रुपयांचा आणि त्यांचा ४४ कोटी डॉलरचा, पण चूक तीच, काय चालतंय ते माहीत नसताना हात घालायचा.

शनिवारी आम्ही सगळे ऑफिसला आलो. सर म्हणाले, कुणी काही फिक्स करायचं नाही, आधी शोधायचं. माझ्या मते तिथेच अर्धं काम झालं.

इथे वाचकांना थोडं समजावून सांगावं लागेल. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर तलाठ्याला उगाच खोडून नवीन नाव लिहिता येत नाही, आधी फेरफाराची नोंद होते, तिला नंबर असतो, तारीख असते, कशामुळे बदल झाला ते लिहिलेलं असतं, आणि तीस वर्षांनी कुणी भांडण काढलं तरी फेरफार काढून बघता येतो. कोडसाठी असाच फेरफार ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. हे काही काल-परवाचं खूळ नाही, पहिलं असं सॉफ्टवेअर १९७२ साली बेल लॅब्जमध्ये झालं. आज जगभर जे वापरतात ते गिट, लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलं, कारण आधी ते जे वापरत होते त्याचं फुकटचं लायसन्स बंद झालं. गिट मात्र फुकट आहे. त्यात केलेल्या प्रत्येक बदलाला कमिट म्हणतात, कुणी केला, कधी केला, कुठली ओळ गेली, कुठली आली, आणि कशासाठी, सगळं राहतं. म्हणजे, नोंद करणाऱ्याने ‘कशासाठी’ नीट लिहिलं असेल तर.

आमच्याकडे गिट होतं. लॅपटॉपवर होतं. पण सर्व्हरवर लोकांनी हाताने केलेले बदल त्यात आलेच नव्हते. मग पहिला तासभर आम्ही सर्व्हरचा कोड खाली उतरवून गिटमधल्या कोडशी ताडून बघितला, १४ फाइलींमध्ये फरक निघाला. सातबारा एक सांगतोय आणि शेतात घर दुसऱ्याचंच. ते १४ फरक एकेक करून वाचले, कशाचा काय उपयोग ते लिहिलं आणि वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे मुख्य कोडला धक्का न लावता चालणाऱ्या वेगळ्या फांदीवर, कमिट केले. व्याजाची चूक त्यात नव्हती, म्हणजे ती आधीपासून मुख्य कोडमध्येच होती.

मग कुठल्या बदलाने व्याज बिघडलं ते शोधायचं होतं. गुढीपाडव्याच्या सुमारास दिलेल्या व्हर्जनमध्ये व्याज बरोबर येत होतं हे जुन्या बिलांवरून कळलं, आणि तेव्हापासून आतापर्यंत २१२ कमिट झाले होते. २१२ कमिट वाचत बसलो असतो तर दिवाळी आली असती. पण गिटमध्ये बायसेक्ट नावाची एक कमांड आहे. इलेक्ट्रिशियन भिंतीतली वायर कुठे तुटली ते शोधताना काय करतो, मधोमध टेस्टर लावतो, इथपर्यंत करंट येतोय म्हणजे पुढच्या अर्ध्यात गडबड, मग पुढच्या अर्ध्याच्या मधोमध. बायसेक्ट हेच करतं, गिटला सांगायचं की हा कमिट चांगला आणि हा वाईट, तो आपल्याला मधला काढून देतो, आपण तपासून सांगायचं चांगला की वाईट. २१२ चे १०६, मग ५३, २७, १४, ७, ४, २, आणि १. आठ वेळा तपासलं की गुन्हेगार हातात. हजार कमिट असते तरी दहाच वेळा तपासावं लागलं असतं.

पण तपासायचं कशाने? दर वेळी सोसायटी उघडा, बिल काढा, डोळ्याने आकडा बघा, याला वेळही जातो आणि चूकही होते. म्हणून मी म्हटलं की एक छोटी टेस्ट लिहू, काकांचा हिशोब कोडमध्ये घालू, १२,००० थकबाकी, २१ टक्के, उत्तर बरोबर आलं तर हिरवं, नाही आलं तर लाल. लिहिली, चालवली, हिरवी आली. त्याच कोडवर जो काकांना ११ रुपये ९ पैसे जास्त लावत होता! मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघतच बसले. मग लक्षात आलं की मी घाईत एकाच महिन्याचा हिशोब घातला होता, आणि पहिल्या महिन्यात सरळ व्याज काय आणि चक्रवाढ काय, दोन्ही २१०च. फरक दुसऱ्या महिन्यापासून पडतो. टेस्ट होती, पण जिथे चूक होऊच शकत नाही तिथेच ती बघत होती. तीन महिन्यांचा हिशोब घातल्यावर टेस्ट लाल झाली, अपेक्षित ६३०.००, आलेलं ६४१.०९, आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल रंग बघून मला बरं वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की बग, म्हणजे कोडमधली चूक, फिक्स करताना आधी तो बग पकडणारी टेस्ट लिहायची, ती बिघडलेल्या कोडवर लाल झालेली दोघांनी डोळ्यांनी बघायची, आणि त्यानंतरच फिक्सला हात लावायचा. लाल न बघितलेल्या हिरव्यावर भरवसा ठेवायचा नाही.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या लोकांचं होतं असं नाही. १९ जुलै २०२४ ची बातमी आपल्या पेपरातही पहिल्या पानावर होती, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटने जगभरात विंडोजचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नंतर कंपनीने जो अहवाल दिला त्यात कारण असं होतं की त्यांच्या प्रोग्रामला माहितीचे २० तुकडे मिळत होते आणि नवीन अपडेट २१ वा मागत होतं. आणि टेस्ट केल्या नव्हत्या असं नाही, केल्या होत्या, पण टेस्टमध्ये २१ व्या जागी ‘काहीही चालेल’ असं घातलेलं असल्यामुळे तो २१ वा कधी वाचलाच गेला नाही. माझ्या एका महिन्याच्या टेस्टसारखंच. चुकीचं अपडेट त्यांनी ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर ते सगळीकडे पोचलं होतं, आणि बंद पडलेला एकेक कॉम्प्युटर माणसाने समोर बसून चालू करावा लागला. आधी थोड्याच मशिनवर टाकून वाट बघितली असती तर चूक तिथल्या तिथे सापडली असती. पुढे त्यांनी तेच टप्प्याटप्प्याने अपडेट द्यायचं कबूल केलं.

तर आमच्या बायसेक्टने शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास कमिट दाखवला. त्याचा मेसेज काय तर ‘चेंजेस’. ३७ फाइली एकदम बदललेल्या. वाचायलाच दीड तास गेला. झालं असं होतं की एका सोसायटीने ‘एकूण येणे’ नावाचा रिपोर्ट मागितला, त्यात मुद्दल आणि व्याज मिळून आकडा हवा होता, म्हणून एकाने थकबाकी काढणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या त्या तुकड्यात, व्याजही मिळवलं. रिपोर्ट बरोबर आला, सोसायटी खूश. पण तेच फंक्शन दर महिन्याचं व्याज काढतानाही वापरलं जात होतं, मग पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज सुरू. ज्याने केलं त्याचा रिपोर्ट बरोबरच होता, दुसरीकडे काय फुटलं ते त्याला कोण सांगणार, व्याजाची एकही टेस्ट नव्हती. फिक्स म्हणजे शेवटी चार ओळी, मुद्दल आणि व्याज वेगळं काढायचं. काकांची टेस्ट हिरवी झाली, मग ‘वर्षाचे पैसे आधी भरलेत’ अशी दुसरी टेस्ट लिहिली म्हणजे परत मायनस व्याज येणार नाही, तीही हिरवी. सोमवारी सगळ्या ४३ सोसायट्यांचे गेल्या महिन्यांचे हिशोब परत काढले आणि ज्यांना जास्त लागलं होतं त्यांच्या पुढच्या बिलात ते जमा दाखवले. काकांचे ११ रुपये ९ पैसेही.

त्या दिवसापासून आम्ही काम कसं करतो ते थोडक्यात सांगते. ठाणेकरांना मेगाब्लॉक समजावून सांगायला नको. रविवारी कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते आधी जाहीर होतं, गाड्या दुसऱ्या लाइनवरून जातात, रुळावर काम होतं, आणि काम झालं की लाइन नीट आहे याची खात्री केल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. सकाळची फास्ट लोकल वरून जात असताना कुणी रुळाचे बोल्ट काढायला बसत नाही. आमच्याकडे लाइव्ह सर्व्हरवर हाताने बदल करायची परवानगी आता कुणालाच नाही, सरांनाही नाही. प्रत्येक बग किंवा नवीन काम वेगळ्या ब्रांचवर होतं, एका कमिटमध्ये एकच गोष्ट, मेसेजमध्ये मराठीत लिहिलं तरी चालेल पण कशासाठी ते लिहायचं. ब्रांच मुख्य कोडमध्ये यायच्या आधी सगळ्या टेस्ट आपोआप चालतात, एक जरी लाल असली तरी मर्ज होत नाही, आणि दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवायही होत नाही. मग स्टेजिंगवर, म्हणजे तालमीच्या सर्व्हरवर, तिथे खऱ्यासारखाच डेटा पण नावं-फोन नंबर बदललेले. मग आधी दोन सोसायट्या, दुसऱ्या दिवशी बाकीच्या. प्रत्येक रिलीजला टॅग, म्हणजे त्या वेळच्या कोडला नावाची चिठ्ठी, त्यामुळे चुकलंच तर आठवून काही करायचं नाही, आधीचा टॅग परत चढवायचा आणि मग शांतपणे शोधायचं. शुक्रवारी दुपारनंतर काही चढवायचं नाही, कारण शनिवारी सेक्रेटरी लोकांच्या मीटिंगा असतात.

लोक म्हणतात छोट्या कंपनीला हे परवडत नाही, टेस्ट लिहायला वेळ कुठाय, क्लायंट उद्या मागतोय. मी हे खोटं म्हणणार नाही, पहिले दोन महिने आम्ही खरंच स्लो झालो, दोन क्लायंट चिडले, एक मुलगा कंटाळून सोडून गेला. पण पैसे? गिट फुकट, टेस्ट चालवायचं सॉफ्टवेअर फुकट. आणि वेळ म्हणाल तर त्या एका शुक्रवार-शनिवारी चार माणसांचे जे तास गेले तेवढ्यात व्याजाच्या सगळ्या टेस्ट दोनदा लिहून झाल्या असत्या. १८० लोकांना चुकीचं बिल गेलं त्याची भरपाई कुठल्या हिशोबात घालायची ते मला अजून कळलेलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती मुलांची. ठाणे-नवी मुंबईत इंजिनीअरिंग कॉलेजं काय कमी नाहीत, दर वर्षी आमच्याकडे इंटर्न येतात, रिझ्युमेवर गिट लिहिलेलं असतं, पाच कमांड पाठ असतात, पण दोन जणांनी एकच ओळ बदलली तर काय करायचं हे बघितलेलंच नसतं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट झिप करून पेनड्राइव्हवर दिलेलं असतं, त्यात कुणी काय केलं त्याचा पत्ता नाही, चार जणांच्या ग्रुपमध्ये एकाने केलं आणि चौघांना सारखे मार्क. कॉलेजातल्या सरांनी नुसतं प्रोजेक्ट चालतंय का एवढं न बघता कमिटची हिस्टरी बघून मार्क दिले ना, तर हे आपोआप सुधारेल, आणि ज्याने काम केलं त्याला न्यायही मिळेल.

आणि जे सॉफ्टवेअर विकत घेतात, सोसायटीचे सेक्रेटरी, क्लासवाले, डॉक्टर, एपीएमसीतले व्यापारी, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की डेमो बघताना स्क्रीन किती छान दिसते ते बघा, पण एक प्रश्न विचारा, की उद्या तुम्ही बदल केलात आणि माझं बिल चुकलं तर आदल्या दिवशीच्या व्हर्जनवर किती वेळात नेऊ शकता, आणि ते आत्ता करून दाखवा. समोरचा गडबडला तर समजून जा. ज्या टेंडरमध्ये लोकांच्या पैशांचं काम असतं त्यात तर ही अट लेखीच हवी, सोबत बदलांची नोंदवही ग्राहकाला बघायला मिळेल हेही, नाहीतर कंत्राटदार बदलला की नवीन माणूस त्याच ‘फायनल नवीन’ फोल्डरपासून सुरुवात करतो.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी तांत्रिक बिघाडाचा खुलासा आला तर तुमच्या बातमीदाराने परत फोन करून विचारावं, की बिघाडाच्या आधी शेवटचा बदल कधी केला होता आणि तो मागे घ्यायला किती वेळ लागला. उत्तर देता येतं हो, लाज वाटायचं कारण नाही. लोकांचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब नावाच्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला रात्री थकलेल्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, बॅकअप घ्यायचे पाच प्रकार होते त्यातला एकही वेळेला नीट चालला नाही, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहून लोकांसमोर ठेवलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि माणसाला दोष न देता पद्धत कुठे चुकली ते सांगितलं. आमच्याकडेही लाइव्ह सर्व्हरवर ओळी बदलणाऱ्या त्या मुलाला कुणी काढलं नाही, आज रिलीजची सगळी जबाबदारी तोच बघतो.

काका अजूनही दर तिमाहीला वहीत हिशोब करतात आणि बिलाशी ताडून बघतात. आमच्या कोडमध्ये त्या टेस्टचं नावच ‘काकांची वही’ आहे, आणि ती दिवसातून कितीतरी वेळा चालते. ठाण्यापासून नेरुळपर्यंतच्या कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी शनिवारी यायला तयार आहे, मुलांना बायसेक्ट करून दाखवते, पैसे नकोत, प्रोजेक्टर नसला तरी चालेल. लॅपटॉप घेऊन येते आणि काकांनी वहीच्या त्या पानाची झेरॉक्स दिलीय, तीही आणते.

आपली,
एक प्रोग्रामर वाचक
घणसोली, नवी मुंबई